दत्तूमामाचे तळवे

“तुझे मामा गेले,” मामी फोनवर म्हणाली, आणि मी विचारलं, “कुठं?” सोयरिकी जुळवत गावोगाव फिरणारा माणूस तो, घरी असला तर नवल. पलीकडून फक्त रडणं आलं, तेव्हा कळलं...

चार वर्षांपूर्वी मामा वडवणीच्या बाजारातून एकाच पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी कुठं निसटली, पायाला पत्ताच नव्हता. मी त्यांना बीडला डॉक्टरकडं नेलं. “साखरेनं पायाच्या नसा खराब झाल्यात. लागलेलं मेंदूपर्यंत पोचत नाही,” डॉक्टर म्हणाले.

“मग रात्री तळपायाची आग कावून होती?” मामांनी विचारलं.

“खराब नस एकतर गप्प बसते, नाहीतर विनाकारण बोंबलते.”

“म्हंजे आमच्या भावकीसारखीच!”

त्या दिवसापासून मामा दिसेल त्याला साखर तपासलीय का विचारायचे आणि त्याचे तळवे बघायचे. आमच्या सुनंदाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, बघायला युसूफ वडगाव या गावचे पाहुणे आले. चहा घेताना मुलाचे वडील सहज म्हणाले, “साखर हाय मला, बिनसाखरेचा द्या.” झालं! मामांनी देवापुढची कापसाची वात उचलली. “मोजे काढा. डोळे झाका. लागलं की सांगा.” वात तळव्यांवर फिरली तरी पाहुण्यांना काहीच लागलं नाही. उजव्या तळव्याला मात्र चिघळलेली जखम निघाली. “पोरगी दाखवायला बोलावलं का आमचे पाय बघायला?” म्हणून ते तरातरा निघून गेले. सोयरीक मोडली. सुनंदा आत रडत बसली, मामीनं अबोला धरला. मामा एवढंच म्हणाले, “सोयरीक दुसरी मिळंल, पाय मिळत न्हाई.”

पंधरवड्यानं तेच पाहुणे दारात! जखमेत बाभळीचा काटा निघाला होता, अजून उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता. “पोरगी द्या,” ते म्हणाले, “पण लग्नात आमचे पाय तुमी धुवायचे न्हाईत. बघतच बसाल, मुहूर्त टळंल.”

मामा हार्टनं गेले. पायांनी शेवटपर्यंत साथ दिली.

परवा वडवणीला मामांच्या घरी गेलतो. मामी उंबऱ्यावर बसून मामांचा दाढीचा आरसा पायाखाली धरून स्वतःचे तळवे निरखत होती.

“मामी, तुला तर साखर न्हाई. मग हे कावून?”

“हाय म्हाईत,” आरसा पदरानं पुसत ती म्हणाली. “पण वर गेल्यावर पयलं तेच इचारतील ना!”