न विचारता केलेला सत्कार

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. घरी विषय निघाला की मी वर्तमानपत्र उघडायचो. आता लिहितोय, पण नेमकं काय चुकलं हे अजूनही मला पुरतं कळलेलं नाही.

मी वसईतल्या एका शाळेत मुख्याध्यापक होतो. आमच्या एका तरुण बाईंनी जुने बाक ठेवायची खोली रिकामी करून घेतली. शाळा भरण्याआधी चार-पाच मुलं तिथे चटईवर बसून चहा-बटर खायची. एकमेकांना कप भरून द्यायची, बस्स. "बाई, ही शाळा आहे की हॉटेल?" असं मी विचारलंही होतं. बाई हसल्या. "सर, पोटभर कुणाजवळ तरी बसल्याशिवाय काही मुलांना वर्गात बसता येत नाही."

त्यांत पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली एक मुलगी होती, तिसरीतली. वडील गेल्यापासून शाळेत एक शब्द बोलली नव्हती. एका सकाळी तिने शेजारच्या मुलीपुढे कप सरकवला आणि म्हणाली, "घे, गरम हाय."

बाई धावतच माझ्या खोलीत आल्या. "सर, एवढ्यात कुणाला सांगू नका हं," असं त्या म्हणाल्या. की ते नंतर म्हणाल्या? मला नक्की आठवत नाही. आठवत नाही हे माझ्या सोयीचं आहे, एवढं कळतं.

स्नेहसंमेलनात मी तिला मंचावर बोलावलं. गुलाबाचं फूल दिलं. सगळ्या पालकांसमोर म्हणालो, "ही मुलगी बोलत नव्हती. आमच्या शाळेने तिला बोलतं केलं." मग माइक तिच्या तोंडापुढे धरला. "बोल बाळ, दोन शब्द."

मागून एक मुलगा ओरडला, "अरे, ही मुकी होती?" लोक हसले. लाउडस्पीकरमधून फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. ती बाईंकडे बघत होती. बाई माझ्याकडे.

सोमवारी ती त्या खोलीत आली नाही. नंतरही नाही. आई शाळेत आली. "सर, पोरगी आता घरी पन बोलत नाय. तुमी काय केलात?"

"अहो, मी तर कौतुक केलं," मी म्हणालो. खरंच तसं वाटत होतं मला. कौतुक तिचं होतं की माझं, हा प्रश्न फार उशिरा पडला. वर्ष संपल्यावर आई दाखला घेऊन गेली. 'वर्तणूक: चांगली' याखाली माझी सही आहे.

आता ती आईसोबत वसईच्या बाजारात मासळी विकायला बसते. तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत येतो. "ओ काका, बोटं नका लावू, पापलेट हाय ती, पियानो नाय!" लोक हसतात, तीही हसते. तिला बोलतं कुणी केलं, मला माहीत नाही. मी नाही, एवढं खरं.

मी दर बुधवारी जातो. "सर, मांदेली देऊ?" ती विचारते. मला ओळखून सर म्हणते की पांढरा शर्ट बघून, कळत नाही. घरून वाक्य पाठ करून निघतो. तिच्यापुढे उभा राहिलो की तोंडातून निघतं, "ताजी आहे ना?"

"आता हिला काय बोलायला लावू, सर?" ती मांदेली दाखवत म्हणते. आजूबाजूचे हसतात, मीही पिशवी पुढे करतो.

पाठ केलेलं वाक्य एवढंच आहे: बाळ, तू तुझ्या मैत्रिणीशी बोलली होतीस, माझ्याशी नाही; ते मी तुला न विचारता सगळ्यांना सांगितलं, मला माफ कर.