दुपारी बाराची मुदत

अकरा देशांनी एका तोंडाने बोलायचं, तर त्या तोंडात शब्द घालायला कुणीतरी लागतंच. हवामानाच्या वाटाघाटींसाठी एकत्र आलेल्या शेजारी देशांच्या गटात ते काम बावीस वर्षं टिपणीबाईंकडे होतं. मसुदा टाइप करायचा, अकरा राजधान्यांना पाठवायचा आणि ठरल्या दिवशी दुपारी बारापर्यंत ज्याची हरकत आली नाही त्याचा होकार धरायचा.

“संसारातही हेच,” त्या नव्या मुलींना सांगत. “गप्प बसलात की संपलात.”

यंदाच्या परिषदेत गटातल्या सगळ्यात मोठ्या देशाने मसुद्यातलं एक वाक्य काढून टाकायला सांगितलं. समुद्राने ज्यांची घरं गिळली, त्यांना दुसरीकडे वसवायला श्रीमंत देशांनी मदत द्यावी, एवढंच ते वाक्य. मोठ्याचं श्रीमंतांशी परस्पर जमलं होतं. वाक्य वाचवायला कुठल्याही एका देशाची एका ओळीची हरकत पुरे होती. पण टिपणीबाईंच्या स्वतःच्या देशाने आजवर एकाही मसुद्याला उत्तर दिलं नव्हतं.

बाईंना कुणाला काही सुचवायची मनाई होती. तरी मुदतीच्या दिवशी त्यांनी सकाळीच गावी भावाला फोन लावला. त्याच्या न्हाणीत भरतीचं पाणी शिरू लागल्याला दोन वर्षं झाली होती.

“दादा, बस पकडून राजधानीत पर्यावरण खात्यात जा. म्हणावं, आजच्या मसुद्याला हरकत कळवा.”

“मला कोण हिंग लावून विचारतंय तिथे?”

“जा तर खरं. बाराच्या आत.”

साडेअकराला त्याचा फोन आला. “शिपाई म्हणतो, सही करणारे साहेब परिषदेला गेलेत. तुझ्याकडेच.”

बाई जिना उतरून धावल्या. साहेब कॉफीच्या रांगेत सापडले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“वाक्य महत्त्वाचंच आहे, बाई. पण हरकत राजधानीतून यावी लागते.”

“राजधानीत सही तुमचीच ना?”

“माझीच. पण मी इथे आहे ना.”

बारा वाजून दोन मिनिटांनी बाईंनी टाइप केलं, ‘हरकत नाही. अकराही देश सहमत.’ मग भावाला फोन केला.

“जमलं नाही रे. तू घरी जा.”

“बरं. मग बावीस वर्षं तिथे बसून तू करतेस तरी काय गं?”

टोमणा नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. बाईंनी सांगायला तोंड उघडलं, पण शब्द सुचेना. पलीकडे तो वाट बघत राहिला. मग बस आली म्हणाला, आणि फोन ठेवला.