भावाला बर्फातून कोण काढणार

माझा धाकटा भाऊ बर्फात गाडला गेला, तर त्याला उकरून काढायला मी नाही, दुसरीच कुणी असणार आहे, हे मला गेल्या हिवाळ्यात माहेरच्या स्वयंपाकघरात भाकरी थापताना कळलं. भाऊ पुण्यात नोकरी करतो. आदल्या वर्षी हिमाचलात जाऊन तो स्की शिकून आला होता, म्हणजे निदान पडायला आणि उठायला शिकून आला होता. आता त्याला पुढचा कोर्स करायचा होता. त्यात वर न्यायला तारेवरचे पाळणे नसतात. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवून डोंगर आपल्या पायांनी चढायचा, वर गेल्यावर पट्टी काढायची आणि कुणीच न तुडवलेल्या बर्फावरून खाली यायचं. अशा उतारावरचा बर्फ कधीकधी अख्खाच्या अख्खा सुटून अंगावर येतो. म्हणून तिथे आधी हिमस्खलनाचं शिकवतात, आणि प्रत्येकाला एक जोडीदार लागतो.

"माणूस दबला तर बाहेरची मदत येईस्तोवर सगळं संपते," तो म्हणाला. "जो सोबत असते, त्यानंच काढा लागते."

मी विचारलं, तुझ्यासोबत कोण आहे? त्यानं अंगणाकडे मान केली. तिथे त्याची होणारी बायको आईशेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. भाकरी तव्यावर टाकताना माझ्या हातून मोडली.

मुलगी पुण्याची. दिसायला साधी, वागायला गोड, खाण्यापिण्याची कुरकुर नाही. नाव ठेवायला जागा असती तर मला फार बरं वाटलं असतं. मी तिच्यावर रागावले नव्हते, जळत होते. सकाळी दोघं गच्चीवर ते बीकन नावाचं, दबलेल्या माणसाचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र छातीवर पट्ट्यांनी बांधून बघत होते. ती त्याच्या समोर उभी राहून पट्टा ओढून बघायची, दिवा लागलाय ना ते बघायची, आणि छातीवर हलकी थाप मारून म्हणायची, झालं. डोंगरावर निघताना रोज जोडीदारानं जोडीदाराचं यंत्र असं तपासायचं असतं म्हणे. शाळेत जाताना ह्या पोराच्या शर्टाची बटणं वर्षानुवर्षं मी लावली होती. नेहमी एक बटण चुकवून यायचा.

मी त्याला म्हटलं, मले घेऊन चाल, मी होते तुही जोडीदार. तो हसला. तुले तर खामगावची थंडी सोसत नाही, म्हणाला. शिवाय जागा आधीच भरल्या होत्या. अमडापूरच्या शाळेत मी दिवसभर वर्गात उभी राहते, माझे पाय मजबूत आहेत, असं मी नवऱ्याला घरी येऊन सांगितलं. त्यानं पेपर खाली न ठेवताच विचारलं, "तुले भावजय येऊन राह्यली का सवत?"

पण माझा हक्क काही हवेतला नव्हता. काकांची जिनिंग आहे, कापसातून सरकी वेगळी करायची गिरणी. आम्ही दोघं तिथल्या कापसाच्या ढिगांवर खेळूनच वाढलो. मी सातवीत होते तेव्हा एकदा ढिगाची कड घसरली आणि हा तिच्याखाली गडप झाला. मी धावत वर चढले आणि दोन्ही हातांनी कापूस उपसत सुटले. काकाही आले. पोरगं बाहेर निघालं तेव्हा त्याच्या नाकातोंडात सरकी आणि कापूस होता, आणि तो माझ्याच गळ्याला लटकला. ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल त्याला हिशेब नाही. बारशात, लग्नात, खुद्द त्याच्या साखरपुड्यातही सांगितली. ह्याला दुसऱ्यांदा जन्म मी दिला, असं मी म्हणायचे, आणि सगळे हसायचे.

म्हणून माहेरी परत जाऊन मीच म्हटलं, चला जिनिंगमध्ये, मला शिकवा ते तुमचं शोधायचं. बघू कोणाला जमतं.

काकांनी आधी अटी घातल्या. कापसाला लोखंडी फावडं लागू द्यायचं नाही, हातांनी उपसायचं. उंच ढिगाकडे फिरकायचं नाही, भिंतीजवळच्या बुटक्या ढिगावर काय तो खेळ करायचा. जेवणाची सुट्टी होती, त्यामुळे कामावरच्या बायाही डबे आवरून बघायला आल्या. आम्ही पाठ फिरवली. भावानं आपलं चालू यंत्र आपल्याच जॅकेटमध्ये गुंडाळून ढिगात कुठेतरी पुरलं.

आधी ती गेली. तिनं आपलं यंत्र शोधावर टाकलं, तसा त्यावर बाण आला आणि अंतराचा आकडा. बाण दाखवेल तिकडे ती चालत गेली, आकडा उतरत गेला. मग गुडघ्यांवर बसून यंत्र कापसालगत इकडेतिकडे फिरवलं, सर्वांत लहान आकड्यावर थांबली, घडीची लांब काठी उलगडून खुपसली, आणि काही वेळातच जॅकेट बाहेर. बायांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या पदवीपेक्षा, तिच्या पगारापेक्षा त्या टाळ्या मला जास्त लागल्या.

मग माझी पाळी. मास्तरीण आहे, बाण आणि आकडा वाचायला मला कितीसा वेळ लागणार? काठी खुपसली, खाली मऊसं काहीतरी लागलं. मी काठी तशीच ठेवली, ढिगावर चढले आणि वरून उपसायला लागले. हात असे चालत होते की ओढणी कुठे पडली ते कळलं नाही. तिच्यापेक्षा मी लवकर काढणार, हे मला दिसत होतं.

"ताई," भाऊ म्हणाला, "तू माह्या छातीवर उभी हायेस."

मी खाली बघितलं. काठी माझ्या दोन पावलांच्या मधोमध होती.

पुण्याच्या मुलीनं सावकाश समजावलं. बर्फात वरून खणायचं नसतं. काठीपासून उताराच्या बाजूला थोडं खाली सरकून तिथून आत खणत जायचं. दबलेल्याच्या तोंडापुढे चिमूटभर हवा असते. आपण वर उभे राहिलो तर तीही जाते. मी म्हटलं, खालून उकरलं तर सगळं अंगावर येईल, जिनिंगमध्ये जन्म गेलाय माझा. काका माझ्या बाजूनं होते. "कापूस खालून काढत नसतात, पोरी," ते तिला म्हणाले. आमच्याकडे तो पहिला नियम. लहान मुलाला सुद्धा तोच शिकवतात. तिनं मान्य केलं. कापूस वाहतो, म्हणाली. बर्फ थांबला की सिमेंटसारखा बसतो, तो वाहत नाही, फोडावा लागतो.

एवढ्यावर संपलं असतं. पण भाऊ हसत हसत म्हणाला, "त्या दिवशीबी ताई वरच होती. मले वाटे कोणी पोतं टाकलं अंगावर. काकानं बाजूनं पाय धरून ओढलं, तवा श्वास आला."

बाया हसल्या. काका खाली वाकून कापसातला पालापाचोळा वेचायला लागले. ते कधी पालापाचोळा वेचत नाहीत, त्याला माणसं आहेत. मी मुलीकडे बघितलं. तिला नवल वाटलेलं नव्हतं. ती काठीची घडी घालत होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती. म्हणजे तिला माहीत होतं. साखरपुड्यात मी हातवारे करकरून ती गोष्ट सांगत होते, तेव्हाही तिला माहीत होतं, आणि ती सगळ्यांबरोबर हसली होती, माझी लाज राखायला. इतक्या वर्षांत त्यानं मला जे सांगितलं नाही, ते तिला सांगून झालं होतं. त्याच्या छातीवर मी उभी होते हे मला एक वेळ सोसलं असतं. पण ते तिला आधी कळलं, हे काही केल्या गिळवेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांची गाडी होती. सकाळी भाऊ केस कापायला गेला, तेव्हा मी खुंटीवरचं त्याचं जॅकेट उचललं, दोन्ही यंत्रं, ती काठी आणि त्यांचं बर्फ खणायचं घडीचं फावडं घेतलं, आणि मुलीला म्हटलं, चल माझ्यासोबत. तिनं कुठे म्हणून विचारलं नाही. जिनिंगच्या मागे आवारभिंतीसाठी मुरमाचा ढीग येऊन पडला होता. पाणी मारून मारून तो दगडासारखा झाला होता.

मी तिला पाठ फिरवायला लावली. तिथल्याच कुदळीनं खड्डा केला, एक यंत्र चालू करून जॅकेटमध्ये गुंडाळलं, ते आत ठेवलं, वर मुरूम ओढला आणि दोन्ही पायांनी तुडवून तुडवून घट्ट केला. काल कापसावर होते तशीच उभी होते, पण या वेळी जाणूनबुजून.

"हा कापूस नाही," मी म्हटलं. "काढ."

बाण आणि आकडा तिनं चटकन पकडला, काठीही जोर लावून आत घातली. पण फावडं मुरमात शिरेना. उताराच्या बाजूनं गुडघ्यांवर बसून ती फोडत राहिली. केस तोंडावर आले, श्वास फुलला, आणि जॅकेट निघायला फार वेळ लागला. ते किती वेळ आत होतं हे दोघींनाही कळत होतं. मी जॅकेट झटकून पुन्हा पुरलं. मग पुन्हा. तिच्या तळहाताला फोड आले तेव्हा मी माझी ओढणी फाडून तिला गुंडाळायला दिली, पण थांब म्हटलं नाही. मला तिच्या जागी असायचं होतं. ते होणार नव्हतं. तिथे त्या उतारावर मी नसणार, आई नसणार, काका नसणार, ही एकटी असणार.

शेवटी तिनं जे काढलं, ते इतक्या लवकर की मला तसं कधी जमलं नसतं. ती मुरमात तशीच बसून राहिली, जॅकेट छातीशी धरून.

"ताई, आता बरोबर झालं का?"

"झालं," मी म्हटलं. "पण हे जॅकेट आहे. माह्या भावाले वजन आहे."

ती उठली आणि तिनं आपणहून पाठ फिरवली. या खेपेला मी खड्डा आणखी खोल केला.