कुर्डुवाडीची मेंढरं

येडगे माझ्या टेबलासमोर उभे होते आणि त्यांची ई.बी. अडली होती.

ई.बी. म्हणजे दक्षतारोध. सरकारी पगार दरवर्षी थोडा वाढतो, पण वाटेत एक फाटक असायचं. माणूस कामाचा आहे असं साहेबांनी लिहून दिलं तरच ते उघडायचं. नाहीतर पगारवाढ तिथेच थांबायची. सोलापुरात पशुसंवर्धनाच्या कचेरीत मी हेडक्लार्क होतो, म्हणजे त्या फाटकाचा रखवालदारच म्हणा.

येडगे सांगोल्याकडचे स्टॉकमन, जनावरांना लस टोचणारे. वर्ष दुष्काळाचं. साहेबांचा नवा नियम होता, लसीकरणाचं उद्दिष्ट पूर्ण तरच ई.बी. पार. येडग्यांचा मेंढ्यांचा आकडा निम्म्यावरही नव्हता.

"भाऊसाहेब, मेंढरंच न्हाईत तितं. चाऱ्यापायी समदी बाहीर गेल्यात. टोचू कुणाला?"

"तसं लिहून द्या."

"दिलं की. साहेब म्हणले, कारणं नकोत." त्यांनी टोपी काढली, परत घातली. "पगाराचं ऱ्हाऊ द्या. बिनकामाचा म्हणून शिक्का बसतोय, त्ये लई लागतंय."

मलाही वाईट वाटलं. पण तसं फाईलवर लिहिता येत नाही.

जिल्ह्याच्या लसीकरणाचा तक्ता चाळताना डोळा कुर्डुवाडीवर अडला. उद्दिष्टाच्या दुप्पट मेंढ्या! कुर्डुवाडीत रेल्वेचे डबे हवे तेवढे मिळतील, इतक्या मेंढ्या कुठून आल्या? मला चैन पडेना. मी तिथलं लसीकरणाचं रजिस्टर मागवलं.

मालकांची गावं वाचत गेलो. निम्म्याहून जास्त सांगोला तालुक्यातली. आणि त्यांच्यापुढे टोचणाऱ्याची सही? पानामागून पान, येडगे. तारखा उतरवल्या, येडग्यांचे रजेचे अर्ज काढले आणि शेजारी ठेवले. दिवस जुळले. हा गृहस्थ हक्काची रजा टाकून मेंढ्यांमागे गेला होता!

त्यांना बोलावलं. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"रजेत सरकारी लस टोचली म्हणून मेमो आला असता की. आन् आमची मान्सं परक्याला गाभण मेंढीला हात लावू देत न्हाईत. मला वळखत्यात. देवीची साथ घुसली असती तर कळपच्या कळप गेला असता."

"मग आकडा कुर्डुवाडीला कसा?"

"बाटली त्येंची व्हती."

ज्या केंद्राची बाटली, त्या केंद्राचा आकडा. ते परिपत्रक माझ्याच टेबलावरून सुटलं होतं. मी मान खाली घातली.

रजिस्टर घेऊन साहेबांकडे गेलो.

"रजेवर असताना टोचलं? चौकशी लावा."

"लावतो साहेब. चौकशीत लिहावं लागेल, की रजेत त्यांनी आपलंच काम केलं."

साहेबांनी पानं उलटून सह्या पाहिल्या. म्हणाले, "रजा रद्द करा. ते दिवस दौऱ्याचे धरा. ई.बी. पार करून द्या."

"आणि आकडे?"

"बाटल्यांचा स्टॉक आता कुठे बदलता? राहू दे तसंच."

त्यामुळे कुर्डुवाडीच्या स्टॉकमनचं मीटिंगमध्ये कौतुक झालं. येडगे मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होते.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. मेंढ्या घरीच राहिल्या. येडग्यांचा आकडा उद्दिष्टाच्या पार पुढे गेला आणि साहेबांनी शेरा मारला, 'अत्युत्कृष्ट'. शेरा गोपनीय असतो, तरी मी तो त्यांना सांगून टाकला.

येडगे गोंधळले. "औंदा मी काय केलं वो? मेंढरंच दारात आली की."

मी शेरा फाईलला लावला.