दोन्हीकडे तोंड असलेली पत्रिका

संघरत्ना आटगावची लेक, शहापूरची सून. कल्याणला डीटीपी शिकून आली आणि नवऱ्याच्या, इंद्रजीतच्या झेरॉक्सच्या गाळ्यातली अर्धी जागा अडवून तिनं कॉम्प्युटर मांडला. दोन हजार दोनपर्यंत तालुक्यातल्या निम्म्या लग्नपत्रिका तिच्या हातच्या असायच्या. एकच खोड होती, कुठल्याही कामाला नाही म्हणायची नाही.

किन्हवलीच्या हलीमाबीचं काम तिनं असंच घेतलं. हलीमाबीच्या मुलीचा निकाह होता. व्याही भिवंडीचे, घरात सगळा उर्दूचा कारभार.

"मराठी पायजे आणि उर्दूबी पायजे," हलीमाबी म्हणाली. "उर्दू चुकली तर जल्मभर माझ्या पोरीला ऐकवतील, गावंढळांची म्हणून."

"मावशी, मग भिवंडीलाच छापा ना," इंद्रजीत म्हणाला.

"तेंच्या गावात छापून तेंनाच देऊ? आमच्या शहापुरात काय होत नाय का?"

"होतं की!" संघरत्ना बोलून गेली.

कोणाकडून तरी उर्दू फाँटची सीडी मिळाली. हलीमाबीनं सुवाच्य लिहून दिलेला मजकूर समोर ठेवून तिनं टाइप करायला घेतला, तर अक्षरं डावीकडून उजवीकडे धावायला लागली. तीही सुटी सुटी, अबोला धरलेल्या जावांसारखी.

"झाली का उर्दू?" इंद्रजीतनं मान वाकडी करून पाहिलं.

"तुमी झेरॉक्स काढा."

मग तिनं उलटं सुरू केलं. ओळीच्या शेवटाकडून निघायचं, अक्षराची सुरुवातीची, मधली, शेवटची अशी आकृती हुडकायची आणि एकेकीला शेजारणीला चिकटवायचं. हलीमाबी बाजाराच्या दिवशी एसटीनं यायची, स्टुलावर बसायची आणि पडद्यावर बोट फिरवत वाचायची. हळूहळू संघरत्नालाही आकार ओळखू यायला लागले.

"मावशी, हे दाल अक्षर पुढच्याचा हात धरत नाय ना?"

"नाय गो. आता तुला मदरशातच घालते, थांब!"

सगळं जुळलं म्हणून तिनं हौसेनं अक्षर मोठं केलं. ओळ चौकटीत मावेना, म्हणून मोडून खाली आली. हलीमाबी किंचाळलीच.

"अगो, पोरीचं नाव तळाला आणि हॉलचा पत्ता तिच्या डोक्यावर!"

ओळ मोडताना सॉफ्टवेअरनं आपल्या सवयीनं डावीकडचं वर ठेवलं होतं. म्हणजे शेवट आधी आणि सुरुवात खाली. संघरत्नानं सगळं पुसलं. प्रत्येक ओळीला वेगळी चौकट केली आणि पुन्हा पहिल्यापासून मांडली.

नमुना निघाला. वरच्या पानावर मराठी, तिच्याखाली उर्दू, आतही तसंच. हलीमाबीनं उर्दू पाहिली आणि तिचा हात पत्रिका उघडायला डाव्या कडेला गेला. तिथं घडी होती.

"आमची अशी उघडत नाय," ती हिरमुसून म्हणाली. "व्याही आधी इथंच अडतील."

संघरत्नानं पत्रिका हातात घेतली आणि पालथी केली. घडी आपोआप उजवीकडे आली. मागचं पान जवळजवळ कोरंच होतं, तळाला फक्त दुकानाचं नाव.

"उर्दू इथं आणि ह्याच्याच आतल्या बाजूला घेते. मराठीवाले इकडून उघडतील, तुमचे तिकडून. पाठ कुणाच्याच वाट्याला नाय."

"आणि आपलं नाव?" इंद्रजीतनं विचारलं.

"काढते."

"सगळी मेहनत फुकट, जाहिरात पण गेली!"

तरी तिनं काढलंच.

पत्रिका द्यायला हलीमाबी तिलाही भिवंडीला घेऊन गेली. व्याह्यांनी चष्मा लावला, पत्रिका उर्दूच्या बाजूनं, डाव्या कडेला धरून उघडली आणि आतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागले. संघरत्नाचं लक्ष त्यांच्या बोटाकडे होतं. बोट ओळीच्या डाव्या टोकाला जायचं, खालच्या ओळीच्या उजव्या टोकाशी यायचं आणि पुन्हा निघायचं. कुठं थांबलं नाही, कुठं मागं फिरलं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत ते सरळ वाचत गेले आणि पत्रिका मिटून म्हणाले, "बहोत खूब. भिवंडीत कुठं केलीत?"

हलीमाबीनं चहाची बशी खाली ठेवली. डोक्यावरचा पदर नीट केला.

"भिवंडीत नाय. आमच्या शहापुरात. ही बसलीय ना, हिनं."