सिस्टरांचा बिनआवाजाचा कॉम्प्युटर

सिस्टर कुणाच्याही घरात शिरल्या की आधी पंखा बंद करायच्या. मे महिना असो, अंगातून घामाच्या धारा लागलेल्या असोत, त्यांना फरक पडत नसे. "बेरिंग गेलंय त्याचं. ऐकू येत न्हाई का तुमाला?" असं म्हणत त्या बटणाकडं जायच्या आणि मग चप्पल काढायच्या. आमच्या फ्रिजच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून त्याची थरथर त्यांनीच थांबवली होती. हे सगळं रागात. चहा छान झालाय हेही त्या रागातच सांगत. समोरच्या घरात मी सात वर्षं राहिलो, पण त्यांचा दुसरा सूर मला फार उशिरा ऐकायला मिळाला, आणि तो ऐकावा लागला नसता तर बरं झालं असतं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, बाळंतपणाच्या खोलीत त्यांची सगळी नोकरी गेली. आमच्या गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली. त्यामुळं निवृत्त झाल्या तरी त्या सिस्टरच राहिल्या. नवराही त्यांना सिस्टरच म्हणायचा. तिथल्या किंकाळ्यांचा त्यांना कधी त्रास झाला नाही. "माणूस वराडतंय म्हणजे जितं हाय," त्या म्हणायच्या. "मशीन उगी घरघरती त्याचा मला राग येतो. तिला कुठं दुखतंय?"

आमच्या कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता आणि त्याचा ॲडमिन मी होतो. सकाळ झाली की त्यावर गुलाबाची फुलं आणि सुविचार यायचे. त्यात सिस्टरांचा एखादा दुवा मधेच येऊन पडायचा. कुठल्याशा थंड देशातला एक माणूस जुन्या दारांच्या कड्या वाजवून त्यांचे आवाज साठवत होता. त्याचं पान त्यांनी पाठवलं आणि खाली लिहिलं, "चारशे कड्या. आईकून बघा. फुलं पाठवायचं बंद करा." एकदा कुठल्याशा बागेतल्या रिकाम्या बाकावर रोखलेला कॅमेरा पाठवला. दिवसभर त्या बाकावर कोण येऊन बसतं एवढंच त्यात दिसायचं. संध्याकाळी त्यांनी कळवलं, "सकाळधरनं तिघं बसले. एक रडत होता. त्याला कुणी विचारलं न्हाई." ग्रुपवरच्या लोकांना ही बाई डोक्यानं गेली असं वाटायचं. मी मात्र गुपचूप बाक बघायचो.

त्यांचे यजमान म्हणजे नाना. गोदाकाठच्या एका साखर कारखान्यात, उसाचा रस काढणाऱ्या रोलरच्या शेजारी, त्यांनी तीस हंगाम काढले. कान तिथंच गेले. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ मिळाला, कानांचं कुणी काही विचारलं नाही. नाना त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. सिस्टर त्यांच्या वाटचा राग करायच्या. "त्या शालीनं कान बांदून ठिवू का यांचे?" ती शाल त्यांनी फरशी पुसायला काढली होती.

अंबाजोगाईला नेऊन त्यांनी नानांचे कान तपासून घेतले आणि ऐकायचं यंत्र आणलं. आठ दिवसांत ते कपाटाच्या खणात गेलं. कारण ते यंत्र सगळंच मोठं करायचं. माणसाचं बोलणं जेवढं वाढे तेवढीच पंख्याची घरघरही वाढे. नानांना जुने सिनेमे बघायचा नाद होता. पुण्याच्या मुलानं त्याचा वापरलेला कॉम्प्युटर दिला होता, तो टीव्हीला जोडून ते बघत बसायचे. त्या डब्याचा पंखा सारखा फिरायचा. यंत्र कानात घातलं की नानांना सिनेमातलं बोलणं ऐकू येण्याऐवजी तो पंखाच ऐकू यायचा. काढून ठेवलं की काहीच नाही. मग ते नुसतं बघायचे, आणि आम्ही हसलो की हसायचे.

हे सिस्टरांच्या लक्षात आलं तेव्हा मी तिथंच होतो. पडद्यावर कुणाच्या तरी मरणाची बातमी आली होती. मी दुसऱ्याच कशाला तरी हसलो, आणि नानाही हसले. सिस्टर उठल्या आणि त्यांनी सिनेमा थांबवला.

"उगी हसू नका," त्या नानांच्या अगदी तोंडासमोर जाऊन, ओठ दिसतील असं बोलल्या. "कळलं न्हाई तर कळलं न्हाई म्हना. मी काय परकी हाय का?"

नाना खाली बघत राहिले. सिस्टर आत गेल्या आणि भांडी आपटल्याचे आवाज आले. आवाजाचा एवढा तिटकारा असलेल्या बाईनं भांडी आपटलेली मी तेवढी एकदाच ऐकली.

तिथून त्यांनी मनावर घेतलं. मुलगा फोनवर म्हणाला, नवा टीव्ही घे, त्यात सगळं येतं. त्यांनी त्यालाही झाडलं. टीव्हीचा आवाज वाढवला की बोलणं आणि बाजा दोन्ही एकदम वाढतात. त्यांना नुसतं बोलणं वर काढायचं होतं, आणि तसं कॉम्प्युटरमध्ये करता येतं हे त्यांनी इंटरनेटवर शोधून काढलं होतं. त्या कड्यावाल्यासारखेच काही लोक होते, ज्यांना घरात अजिबात आवाज न करणारा कॉम्प्युटर हवा होता आणि जे तो कसा करायचा हे एकमेकांना सांगत बसले होते. सिस्टर दुपारभर ते वाचायच्या, डिक्शनरी मांडीवर घेऊन.

गावातला कॉम्प्युटरवाला म्हणाला, "मॅडम, पंख्याबिगर कॉम्प्युटर आस्तो व्हय?"

"तुमी बघितला न्हाई म्हनून नस्तो का?" असं म्हणून त्या दुकानाची पायरी उतरल्या. सुटे भाग मुलाकडून पुण्याहून मागवले. फिरणारी डिस्क नको म्हणून नुसत्या चिपांची. वीजपुरवठ्याचा डबा बिनपंख्याचा. प्रोसेसरवर बसवायला ॲल्युमिनियमच्या पात्यांचा विटेएवढा ठोकळा, म्हणजे उष्णता आपोआप निघून जावी. जेवायच्या टेबलावर धुतलेलं पांढरं फडकं अंथरून, हातमोजे घालून त्या बसल्या. बारीक स्क्रू त्यांनी दवाखान्यातल्यासारख्या चिमट्यानं धरले. मी बॅटरी धरून उभा होतो, आणि माझा हात हलला म्हणून दोनदा बोलणी खाल्ली.

कॉम्प्युटर चालू झाला आणि अर्ध्या तासात बंद पडला. आमच्याकडचा उन्हाळा त्या इंटरनेटवरच्या लोकांना कुठला माहीत? ठोकळा इतका तापला की त्यावर भाकरी भाजली असती. सिस्टर आठवडाभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. मग लोखंडी कपाटं करणाऱ्याकडं गेल्या आणि त्याच्याशी भांडून स्वतःच्या मापाचा उभा डबा करून घेतला. तळाला जाळी, वर जाळी, गरम हवा धुराड्यासारखी वर निघून जाईल असा. त्यात कॉम्प्युटर दिवसभर चालला, तापला, पण बंद पडला नाही.

तरीही त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी स्टेथोस्कोप आणला आणि डोळे मिटून त्या डब्यावर इंच इंच टेकवत गेल्या, पोटातल्या बाळाचे ठोके शोधावेत तशा. "इथं किरकिर हाय," त्या म्हणाल्या. मला कान टेकवूनही काही ऐकू आलं नाही. वीजपुरवठ्याचा डबा त्यांनी उशीच्या रबराच्या पट्ट्यांवर बसवला, पुन्हा ऐकलं, आणि पहिल्यांदा गप्प झाल्या.

त्या दिवशी दुपारी नानांच्या कानात यंत्र घातलं, खोलीतला पंखा बंद केला, खिडक्यांना ओली चादर लावली आणि नुसतं बोलणं वर काढून त्यांचा आवडता जुना सिनेमा लावला. घामानं आम्ही तिघंही निथळत होतो. नानांनी तो सिनेमा दहा वेळा तरी बघितला असेल. मध्यंतराच्या आधी ते एकदम म्हणाले, "ही बाई खोटं बोलायलीय."

सिस्टर म्हणाल्या, "मग? पयल्यापासून खोटंच बोलती ती."

"मला वाटायचं रडायलीय म्हंजी खरी आसंल," नाना म्हणाले, आणि पुन्हा ऐकू लागले. सिस्टर उठून पाणी आणायला गेल्या आणि बराच वेळ परत आल्या नाहीत.

नानांनी कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांना बोलावलं. चौघे जण यायचे, कुणी पाटोद्याहून, कुणी लिंबागणेशहून, सगळे त्याच रोलरशेजारी बहिरे झालेले. रविवारी दुपारी कानांत यंत्रं घालून पाच म्हातारे ओळीनं बसायचे. त्यांच्यातल्या दोघांना यंत्रं सिस्टरांनीच पाठीमागे लागून घ्यायला लावली होती. कुणी मधे खोकला तरी त्या डोळे वटारायच्या.

असाच एक रविवार होता. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस निघाला. सिस्टरांच्या दारासमोर, रस्त्याच्या वळणावर, डीजेची गाडी उभी राहिली. भिंतीएवढे स्पीकर. पहिला दणका बसला तसे समोरच्या उघड्या दारातून मला पाचही म्हाताऱ्यांचे हात एकदम कानांकडं जाताना दिसले. सिस्टर बाहेर आल्या आणि गाडीसमोर उभ्या राहिल्या. वर मशिनीवर बसलेल्या पोराला त्यांनी ओळखलं.

"खाली उतर बे. तुला पयल्यांदा रडवलं ते मी. आत म्हातारी मानसं हायेत. बंद कर."

पोरगं हसलं. शेजारच्यानं बटण फिरवलं आणि आवाज आणखी वाढला. सिस्टरांचे ओठ हलताना मला माझ्या दारातून दिसत होते. त्या काय बोलत होत्या ते कुणालाच ऐकू आलं नाही. मी माझ्या दारातच उभा होतो, हे इथं लिहायला हवं. रस्ता ओलांडायला दहा पावलं लागतात.

त्या आत गेल्या. पाच जण आपापली यंत्रं तळहातावर घेऊन बसले होते आणि पडद्यावर माणसं बोलत होती.

संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा मजकूर आला. "ज्याला वाढदिवसाला एवढा आवाज लागतो त्याचं काम लोकांना ऐकू येत नसावं." पाच मिनिटांत मला फोन आला. मी ज्या संस्थेत शिकवतो, तिच्या मंडळावर त्या पुढाऱ्याचे मेहुणे होते, आणि माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. फोनवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "सर, ग्रुप तुमचा हाय ना? बाईला काढा." मी काढलं. बोट एकदा टेकवायचं एवढंच ते काम होतं.

सकाळी सिस्टर आल्या. "काढलं का मला?"

"सिस्टर, वरून दबाव होता."

"कुठल्या वरून? तुमच्या घराला वरचा मजलाच न्हाई."

मला वाटलं आता त्या मला फाडून खातील, आणि मी त्याची वाटही बघत होतो. पण त्या म्हणाल्या, "बरं सर. आपल्याला त्रास झाला, माफ करा." आणि गेल्या.

त्या दिवसापासून त्या माझ्याशी पुस्तकातल्यासारखं बोलू लागल्या. कसे आहात, बरं आहे ना, पाऊस उशिरा आहे यंदा. त्यांचं ते गोड, स्वच्छ बोलणं ऐकलं की मला घाम फुटायचा. माझ्या घरातला पंखा किती करकरला तरी त्या काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला रागावण्याच्या यादीतून काढून टाकलं होतं, आणि ते मी त्यांना ग्रुपमधून काढण्यापेक्षा फार नीट केलेलं काम होतं.

नाना त्या हिवाळ्यात गेले, झोपेत. सिस्टरांनी तो कॉम्प्युटर लिंबागणेशच्या सोबत्याच्या घरी नेऊन बसवून दिला आणि त्या मुलाकडं पुण्याला निघाल्या. गाडीत बसताना मला म्हणाल्या, "येते सर. काळजी घ्या." मी काही तरी बोलायला तोंड उघडलं तोवर मुलानं गाडी सुरू केली होती.

माझी नोकरी पक्की झाली. हे वाक्य लिहिताना मला माझाच राग येतो, आणि येऊ द्यावा असं वाटतं. यंदा वाढदिवसाच्या चार दिवस आधी मी डीजेविरुद्ध अर्ज लिहिला. कॉलनीत दारोदार फिरलो, सही कुणी दिली नाही. फुलं पाठवणारे सगळे घरात होते. एकट्याच्या सहीनं अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेलो तर टेबलामागच्या माणसानं तो बघितलाही नाही, ठेवा म्हणाला. मी बाहेर आलो आणि त्या अर्जाचा फोटो सिस्टरांना पाठवला. सोबत काहीच लिहिलं नाही. दोन वर्षांत मी त्यांना पाठवलेलं ते पहिलंच.

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी वर्गावर निघालो होतो, तेव्हा फोन वाजला.

"सर, अर्जावर तारीख कावून न्हाई टाकली? पोच घेतली का? न्हाई ना? असला अर्ज कोन इचारतंय? सुट्टा कागद देऊन आलात, येड्यावानी. दुसरा लिवा. दोन प्रती करा, शिक्का मारल्याबिगर तितनं हलू नका. आईकताव ना?"

"ऐकतोय," मी म्हणालो.

"मग नुसतं आईकू नका, लिवून घ्या."

मी वर्गाच्या दारात, पोरांच्या समोर, खडूच्या खोक्यावर लिहून घेऊ लागलो.