झुरळाची पोरं

मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन दिवेआगरला आले. मी सोळा वर्षांची, हे तेविसाचे, गावच्या शाळेत मास्तर. पहिले दोन महिने आम्ही एकमेकांशी धड बोललोही नव्हतो. बोलायला लागलो ते झुरळांमुळे.

ह्यांच्या पुस्तकांची पेटी मी झाडत होते. आत मोठी पंखवाली झुरळं होतीच, पण बारकी, बिनपंखाचीही पळत होती.

"ही बारकी वेगळी जात," हे म्हणाले.

"अहो, ती मोठ्यांची पोरं आहेत."

"किड्यांचं तसं नसतं. आधी अळी, मग कोश, मग पंख. फुलपाखराचं मी मुलांना शिकवतो ना!"

"फुलपाखराचं शिकवा. हे झुरळ आहे."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण हे खो खो हसत सुटले. तिथेच पैज लागली. हरेल त्याने आठ दिवस विहिरीचं पाणी काढायचं.

पेटीच्या कोपऱ्यात झुरळाच्या अंड्यांची काळपट डबी चिकटलेली होती, चिंचोक्याहून लहान. ती मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकली आणि तोंडाला फडकं बांधलं.

"त्यात काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"औषध आहे," हे तोंड वळवून म्हणाले. मी हसू दाबत परसात पळाले.

महिन्याभराने डबी उकलली. तिळाएवढी चौदा पिल्लं, आधी पांढुरकी, संध्याकाळपर्यंत तपकिरी. अळी नाही, कोश नाही! मी भाकरीचा चुरा घालायची. हे मधल्या सुट्टीत शाळेतून धावत येत आणि बरणीला डोळा लावत.

काही आठवड्यांनी आत एक वाढलेलं पिल्लू पांढरंशुभ्र दिसलं.

"बघ, ही तिसरी जात!" हे ओरडले.

मी शेजारी पडलेलं पोकळ साल दाखवलं. "कात टाकलीय त्याने. रंग येईल."

दुपारी रंग आला. ह्यांचा उतरला.

मग आम्हाला नादच लागला. प्रत्येक कातीनंतर पिल्लू थोडं मोठं व्हायचं. वही केली, चित्रं काढली. पुढे पाठीवर दोन्ही बाजूंना इवले इवले पदर दिसू लागले. "पंखांची जागा ही!" मी म्हणाले. "नुसत्या सुरकुत्या," हे म्हणाले, पण आवाज बारीक झाला होता.

जवळजवळ वर्ष गेलं. एका सकाळी ह्यांनी फडकं सोडलं, तोच एक पूर्ण पंखवाला गडी भुर्रकन उडाला आणि थेट ह्यांच्या सदऱ्यात शिरला. मास्तर अंगणभर नाचले. मी खाली बसून पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी हे रहाटावर उभे राहिले. मासळीवाली कोळीण थबकली.

"मास्तर, तुमी पानी काढता? सूनबाई आजारी हाय का?"

"नाही," हे गंभीरपणे म्हणाले, "झुरळाला पंख फुटले."

ती इतकी हसली की डोक्यावरची पाटी तिला खाली ठेवावी लागली. मग आत येऊन तिने सासूबाईंनाच विचारलं, हे झुरळाचं काय म्हणून. मग मी बरणीचं, पैजेचं, वहीचं सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी वही मागवली, एकेक चित्र निरखलं आणि एका पानावर बोट ठेवलं.

"पाय सहा, बरोबर. पण मिश्या कुठायत? नीट काढ."

मी तिथेच बसून मिश्या काढल्या.